मागचा डावा खांब

दुपारी दोनच्या सुमाराला मी केकचे वरचे दोन्ही थर खांबांवर चढवले, दोन पावलं मागे सरून बघितलं, आणि हाताला चिकटलेली साखर धुवायला आत गेले. परत आले तर मागचा डावा खांब खाली गेलेला. फार नाही, नखाच्या जाडीएवढा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. पण चाळीस-बेचाळीस लग्नांचे केक ह्या हातांनी उभे केलेत, चॅपलमधल्या निम्म्या जोडप्यांनी संसाराची पहिली सुरी माझ्या केकवर ठेवलीय, मला दिसायलाच हवं. प्लॅस्टरच्या त्या पांढऱ्या खांबाच्या पायाशी दोऱ्याएवढी बारीक कड असते. तीन खांबांची दिसत होती, चौथ्याची आयसिंगमध्ये गेली होती. मी वाकले आणि खालच्या थरावर, मागच्या अंगाला, जिथे फोटोत येणार नाही अशा जागी अंगठा टेकवला. वाळलेलं आयसिंग नखाने वाजायला हवं, बशी वाजते तसं. माझा अंगठा रुतला. काढून घेतला तर तिथे त्याचा ठसा राहिला. मी खुर्ची ओढली आणि बसले.

गुरुवार होता. लग्न शनिवारी साडेअकराला. लॉर्ना, माझी एकुलती एक, ऑफिसातून साडेपाचला येणार होती आणि आल्याआल्या केक बघणार होती, सकाळी तसं बजावूनच गेली होती. मी खांबाकडे बघत होते आणि डोक्यात एकच शब्द फिरत होता, ग्लिसरीन. दुसरं काही असणंच शक्य नव्हतं. अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून लावली की दोन दिवसांत दगड होते. त्यात चमचाभर ग्लिसरीन घातलं तर मऊ राहते, सुरी सहज जाते, दातांना त्रास नाही. नाताळच्या केकला घालावं, बारशाच्या केकला घालावं. पण ज्या थरावर खांब उभे राहायचे त्यात थेंबही घालायचा नसतो. हे मीच ह्या गल्लीतल्या पोरींना शिकवलंय, लाकडी चमचा नाचवत, आणि एखादीने विचारलं की का हो मिसेस सटक्लिफ, तर म्हणायचे, वरच्यांचा भार घ्यायचाय की नाही त्याला? आणि आता मीच. आत जाऊन फळीवरची बाटली बघितली. मागच्या आठवड्यात औषधवाल्याकडून नवी आणली होती, ती अर्धी झालेली. मधल्या आणि वरच्या थराचं आयसिंग मी आधीच्या आठवड्यात केलं, ते खडखडीत वाळलंय. खालच्या बारा इंचीचं तेवढं सोमवारी केलं. सोमवारी सकाळी विल्फ परसात पडला होता.

विल्फ माझा नवरा. दोन वर्षं होतील ह्या जूनमध्ये, त्याची उजवी बाजू गेली. हात, पाय, तोंडाची अर्धी बाजू आणि बोलणं. आधी ह्या माणसाच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा, चॅपलमध्ये प्रवचन चाललेलं असताना शेजारच्याला फुटबॉलचे गोल सांगायचा. आता एकच शब्द उरलाय, ‘बरं’. चहा हवाय का, बरं. दुखतंय का, बरं. डॉक्टरांनी विचारलं, मिस्टर सटक्लिफ, तुमची बायको कुठली, तर माझ्याकडे न बघता म्हणाला, बरं. मी हसले होते तेव्हा. हसण्यासारखंच होतं. मागच्या नाताळात केकच्या आयसिंगचा एक टवका त्याच्या मेलेल्या बाजूला गालात अडकला आणि त्याला ठसका लागला तो थांबेचना. लॉर्नाने त्याला पुढे वाकवून पाठीत धपाटे घातले, मी तोंडात बोट घालून तुकडा काढला, आणि नंतर तो टेबलाशी बसून लहान मुलासारखा रडला. त्या दिवसापासून ह्या घरात कडक असं काही शिजत नाही. पावाच्या कडा काढते, मटण दोनदा शिजवते, बिस्किट चहात विरघळवूनच देते. सोमवारी त्याला परसातून उठवला, गुडघा पुसला, खुर्चीत बसवला, आणि मग उभ्या उभ्या आयसिंग फेटायला घेतलं. मनात लग्न नव्हतंच. हाताने आपण होऊन फळीवरून बाटली काढली असणार. मला आठवतसुद्धा नाही. नवऱ्याला गिळता यावं म्हणून मी मुलीच्या लग्नाचा केक मऊ करून ठेवला होता.

उपाय नव्हता असं नाही. मनात आणलं असतं तर दोन वाजून दहा मिनिटांनी वरचे थर उतरवून ठेवले असते, आणि मग शांतपणे विचार केला असता. मी उठले नाही. हे सांगायला जड जातंय, पण सांगायचंच ठरवलंय तर सगळं सांगते. मी त्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले आणि खांब रुतताना बघत राहिले. रुतताना दिसत नव्हतं काही, घड्याळाचा तासकाटा हलताना कुठे दिसतो. पण जरा वेळाने बघावं तर वरच्या थराची कड खिडकीच्या चौकटीशी जुळत नव्हती. आणि माझ्या मनात आलं, असू दे. साडेपाचपर्यंत चांगलाच कलेल. लॉर्ना दार उघडेल, बघेल, आणि तिला कळेल की तिच्या आईला आता झेपत नाही. मला तोंड उघडावंच लागणार नाही.

कारण सगळं अडलं होतं ते माझ्या तोंड उघडण्यावर. लॉर्नाचा होणारा नवरा कीथ फिटर आहे, चांगला मुलगा, जरा घाईचा. त्याला ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला मोटारींच्या कारखान्यात नोकरी मिळालीय. तिथलं सरकार माणशी दहा पौंडांत बोटीने नेतं, मे महिन्यातली बोट ठरलीय. कीथने त्याच्या कागदांवर सही केली. लॉर्नाचे कागद पुढच्या खोलीत, घड्याळामागे, तपकिरी पाकिटात. त्यावर सही नाही. पंधरा दिवसांपूर्वी मी भांडी घासत होते आणि ती पुसत होती, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तू एक शब्द बोल. थांब म्हणालीस तर मी थांबते. कीथला सांगून ठेवलंय मी. इथेच दोन गल्ल्या सोडून घर घेऊ, बाबांचं मी बघेन अर्धं." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू म्हणजे काय? मी म्हटलं, आधी लग्न तर होऊ दे. कागद शुक्रवारच्या आत टपालात पडायला हवेत हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं. पंधरा दिवस ती येताजाता माझ्या तोंडाकडे बघतेय. नाश्त्याला बघते, झोपायला जाताना जिन्यावरून वळून बघते. आणि मी आपली बदाम सोलतेय, साखर चाळतेय, केकला सुईने भोकं पाडून ब्रँडी पाजतेय. थांब म्हणायची लाज वाटते. जा म्हणायला जीभ उचलत नाही. दोन्हींतलं काहीच न बोलता चालेल असं काहीतरी मला हवं होतं, आणि ते समोर टेबलावर हळूहळू कलत होतं.

पुढच्या खोलीत मी शेगडी पेटवली नव्हती. केकला थंडी लागते आणि विल्फला ऊब, तेव्हा सोमवारपासून विल्फ दिवसभर स्वयंपाकघरात आणि केक त्याच्या खोलीत. त्याचा पलंग दोन वर्षं ह्याच खोलीत आहे, जिना चढवत नाही म्हणून. पलंगावर चादर ओढून घेतली होती, पायथ्याशी लॉर्नाच्या मैत्रिणींनी आहेर दिलेल्या फुलदाण्यांचे खोके. भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो. फोटोतसुद्धा केक आहे, तीन मजली, माझ्या ह्या केकपेक्षा उंच. पण पुठ्ठ्याचा. पंचेचाळीस साल, लढाई नुकती संपलेली, साखर रेशनवर, आयसिंग करायला बंदी. बेकरीवाला पुठ्ठ्याचा पांढरा डोलारा भाड्याने द्यायचा, झालर, फुलं, खांब सगळं पुठ्ठ्याचं, आणि खाली टोपीखाली लपवल्यासारखा एवढासा खरा केक. सगळ्या गल्लीने मनुका गोळा करून दिल्या होत्या त्याच्यासाठी. फोटोवाल्याने विल्फला म्हटलं, केकशेजारी जरा ऐटीत उभे राहा. ह्या वेड्याने अख्खे तीन मजले उजव्या तळहातावर उचलले आणि खांद्याच्या वर धरले, हॉटेलातला वेटर धरतो तसे. सगळे पोट धरून हसले. फोटोत मी त्याच्या बाहीला लोंबकळलेय, ठेव रे, ठेव खाली म्हणत. लॉर्ना लहान असताना शाळेत सांगायची, माझ्या बाबांनी एका हातावर लग्नाचा केक उचलला होता. तिला बरीच वर्षं तो केक खराच वाटायचा.

पुठ्ठ्यामुळे एक गोष्ट राहूनच गेली. आमच्याकडे लग्नाचा सगळ्यात वरचा थर कापत नाहीत. डब्यात बंद करून मुलीच्या आईकडे ठेवतात आणि पहिल्या बाळाच्या बारशाला काढतात. लॉर्नाच्या बारशाला काढायला आमच्याकडे काही नव्हतं. सासूबाईंनी चॅपलच्या पायऱ्यांवर चार बायकांत विचारलं, आता काय पुठ्ठा कापून वाढणार का? मी त्या दिवशी मनाशी ठरवलं होतं की माझ्या पोरीचा केक मी करणार, खरा, तीन थरांचा, आणि वरचा थर माझ्या कपाटात राहणार. डबाही घेऊन ठेवलाय, निळ्या झाकणाचा. बारा वर्षं तो रिकामा आहे, त्यात मी बटणंसुद्धा ठेवली नाहीत. आता पोर ॲडलेडला गेली तर बारसं ॲडलेडला. डबा माझ्या कपाटात ठेवून मी त्याचं काय करणार होते, लोणचं?

तीन वाजता डोरीन आली. शेजारची, वीस-पंचवीस वर्षांपासूनची शेजारीण, दार वाजवायची पद्धत नाही तिच्याकडे. ती केकखालचा चांदीचा मुलामा दिलेला पाट चकाकवायचं फडकं घेऊन आली होती, पण खरं म्हणजे बघायला आली होती. दारात उभी राहिली, हात छातीशी घेतले, म्हणाली, काय गं एनिड, हात आहेत की जादू! मग मान डावीकडे कलती करून म्हणाली, जरा वाकडा वाटतोय का गं? मी म्हटलं, तुझी मान वाकडीय. तिने मान सरळ केली, परत बघितलं, आणि विषय सोडून दिला. ती चांगल्या मनाची आहे, पण बातमी दिल्याशिवाय जायची नाही. पलंगाच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, लॉर्ना काल आमच्या मुलीशी बोलत होती बस स्टॉपवर. म्हणाली, आई काही बोलतच नाही, मला कळत नाही तिच्या मनात काय आहे. रडली म्हणे. मी फडकं घेतलं आणि पाटाची कड पुसायला लागले. डोरीन म्हणाली, बोल की बाई एकदा, राहा म्हण. पोटची पोर आहे, तिचं कर्तव्यच आहे. तुझी दशा बघतोय आम्ही, किती रोडावलीस. त्या कीथला काय, इथे कारखाने नाहीत? मी म्हटलं, तुझी भाजी लागेल शेगडीवर. ती गेली. तिने जे सांगितलं ते मी एरवी रोज मनात स्वतःला सांगत होते, शब्द न् शब्द. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते ऐकवेना. बस स्टॉपवर रडली. चारचौघांत. माझी लॉर्ना बोट कापलं तरी रडायची नाही.

तरीही मी उठले नाही. शहाणी असते तर तिथेच उठले असते. माणूस थकला की चांगलं काय हे कळूनसुद्धा अंग हलत नाही. मी वयापेक्षा पाच वर्षांनी म्हातारी दिसते हे आरसा सांगतोच. पहाटे त्याला धरून परसाकडे न्यायचं, दाढी करायची, शर्टात त्याचा तो लुळा हात घालायचा, जो स्वतःहून बाहीत जात नाही. कोळसा, कपडे, जेवण, पुन्हा न्यायचं. दिवसातून दहा वेळा मी मनात मोजते, लॉर्ना किती वाजता येईल. ती आली की दाराचा आवाज होतो आणि माझे खांदे खाली येतात. मे महिन्यानंतर साडेपाच वाजतील आणि दार वाजणार नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. मी वाईट बाई नाही. पण त्या दुपारी, खुर्चीत बसून, मी देवाला म्हटलं की जरा अजून कलू दे.

साडेतीनला काठीचा आवाज आला. काठी, मग चांगला पाय, मग तो दुसरा पाय लिनोलियमवरून घसटत. चहाची वेळ टळली होती म्हणून विल्फ मला शोधत आला होता. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत यायला त्याला चार मिनिटं लागतात आणि मी त्या चार मिनिटांत काहीही करू शकले असते. तो दारात आला, चौकटीला खांदा टेकला, आणि केककडे बघितलं. तेहतीस वर्षं त्याने जिने आणि जिन्यांचे कठडे केलेत. ओठ लुळा पडला, जीभ लुळी पडली, डोळा नाही पडला. एका क्षणात त्याची नजर मागच्या डाव्या खांबावर गेली. मग माझ्यावर आली. मांडीवर ठेवलेल्या माझ्या हातांवर, ओढून घेतलेल्या खुर्चीवर, त्या खुर्चीच्या केकपासूनच्या अंतरावर. मी किती वेळ बसलेय आणि का बसलेय हे त्याला कळलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, कळायचं राहतंय काय. माझं तोंड तापलं. मी म्हटलं, "ग्लिसरीन पडलं रे चुकून." तो म्हणाला, "बरं."

आणि वळला. मला वाटलं, रागावला, चालला परत. पण तो जिन्याखालच्या कपाटाशी थांबला आणि काठीने कपाटाच्या दाराला ठोकायला लागला, मी येईपर्यंत थांबलाच नाही. त्याची हत्यारांची पेटी तिथे आहे. दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता, मी वर इस्त्रीचे कपडे रचत होते. कपडे काढले, पेटी ओढून बाहेर घेतली. त्याने काठीचं टोक आत फिरवून दाखवलं, हे नाही, हे नाही, हे. अर्ध्या इंचाची गोल, बीचच्या लाकडाची काठी, हातभर लांब, कठड्याच्या जोडात खुंट्या मारायला वापरायची ती. बारीक दातांची करवत. घडीची फुटपट्टी. आणि पाणसळ, ती पितळेची, तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत तो कधी कुणाचं काम मान्य करायचा नाही. सगळं मी मांडीवर घेतलं, आणि तो पुढे, मी मागे, असे परत खोलीत आलो. मला अजून नीट उमगलं नव्हतं. त्याने केककडे बोट केलं आणि तळहात वर उचलला, उतरव. मी वरचा थर उतरवला, मधला उतरवला, खांब काढले. मागच्या डाव्या खांबाच्या जागी पेन्सिल बुडेल एवढा खड्डा. मग त्याने ती गोल काठी उभी धरली आणि खांबाच्या जागी खाली दाबण्याची खूण केली, थेट तळाच्या पाटापर्यंत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खांब आयसिंगवर उभे करायचेच नाहीत. केकच्या पोटातून चार खुंट्या पाटापर्यंत घालायच्या, आयसिंगशी बरोबर समतल कापायच्या, आणि खांब त्या खुंट्यांच्या डोक्यांवर ठेवायचे. आयसिंग मग मऊ असो की पातळ, त्याच्यावर भार नाही.

कडक आयसिंग असतं तर हे जमलंच नसतं हेही मला लगेच कळलं. काठी दाबली असती आणि सगळी पांढरी फरशी तडकली असती. माझं मऊ होतं म्हणून सुरीने लोण्यात जावं तशी काठी गेली, खाली फळांच्या गच्च केकमध्ये जरा जोर लावावा लागला, आणि मग पाटावर टेकली, ते मनगटाला समजलं. मी नखाने खूण केली, काढली. चारी जागी असंच मापलं. चारी मापं वेगळी आली, उघडच आहे, एका जागी खड्डा पडला होता, आयसिंगही काही आरशासारखं नव्हतं. मी म्हटलं, चार जागांच्या चार मापांनी कापू या. विल्फने मान हलवली. मी पुन्हा समजावलं, तो ऐकेना. फुटपट्टीने त्याने सगळ्यात उंच आलेल्या खुणेवर टकटक केलं, आणि चार बोटं दाखवली. चारी ह्याच मापाच्या. मी म्हटलं, अरे, खड्ड्यातली वर आलेली दिसेल. त्याने पाटाकडे बोट केलं आणि मग हवेत आडवी रेघ ओढली. तळ सपाट आहे, माप तळापासून घ्यायचं. वर काय खड्डे आहेत ते बघायचं नाही, खड्डे साखरेने भरता येतात. हे सगळं तो पूर्वी दहा मिनिटं बडबडून, दोन शिव्या घालून सांगायचा. आता एक रेघ ओढली आणि मला सगळं समजलं.

कापायचं त्यानेच. पलंगावर बसला, मांडीवर चहाचा ट्रे, ट्रेवर पोळपाट उलटा. मी काठी दोन्ही हातांनी दाबून धरली. करवत डाव्या हातात. पहिली कापताना करवत दोनदा निसटली, माझ्या अंगठ्याला खरचटलं, मी काठी आणखी घट्ट धरली, त्याने बघितल्यासारखं केलं नाही. कपाळावर घाम. जीभ चांगल्या बाजूने बाहेर आलेली. पहिली खुंटी पडली, तिला त्याने डोळ्यासमोर धरलं आणि टाकून दिली, तिरकी होती. पुन्हा. दुसरी बरी आली. पाचवीपर्यंत त्याचा हात बसला होता. करवतीचा तो आवाज दोन वर्षांनी घरात आला आणि मला रडू यायला लागलं, पण काठी हलली असती म्हणून मी रडले नाही. चारी खुंट्या मी पातेल्यात उकळल्या, फडक्याने कोरड्या केल्या, आणि एकेक आत घातली. खड्ड्यातली जरा वर राहिली होती, भोवती आयसिंग भरून सुरी फिरवली. खांब ठेवले. मधला थर चढवताना विल्फने डावा तळहात त्या थराच्या पाटाखाली धरला, निम्मा भार त्याने घेतला. वरचा थर. मग पाणसळ. मी ती सगळ्यात वर, कडेकडेने, फुलं लावायच्या आत ठेवली. बुडबुडा जरा घुटमळला आणि मधोमध येऊन थांबला. विल्फ म्हणाला, बरं. अंगठ्याचा ठसा मी साखरेची गुलाबकळी लावून झाकला. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

लॉर्ना आली ती कोट न काढताच पुढच्या खोलीत गेली. मी मागोमाग. ती केकभोवती फिरली, मागच्या बाजूला गेली, परत आली. म्हणाली, आई, किती सुंदर. आणि मग तेच, केकवरून नजर माझ्या तोंडावर, पंधरा दिवसांसारखी. विल्फ पलंगावर बसला होता, दमून डोळे मिटलेले. ती त्याच्या कपाळाचा मुका घ्यायला वाकली आणि थांबली. त्याच्या स्वेटरच्या डाव्या बाहीवर भुसा होता. पिवळट, ताजा. मी ट्रे उचलला, पोळपाट उचलला, त्याची बाही झटकायची राहिली. लॉर्नाने बोटांनी थोडा भुसा घेतला, बघितला. पलंगाखाली ती पहिली तिरकी खुंटी पडली होती, तीही तिला दिसली. तिने वळून केककडे बघितलं, ह्या वेळी खाली, खांबांच्या पायांकडे. माझी मुलगी सुताराची मुलगी आहे. तिने विचारलं नाही काय झालं होतं. विचारलं, "आई, माझ्यामागे कसं होणार तुमचं?"

ही वेळ होती. मी कपाटातून निळ्या झाकणाचा डबा काढला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, "शनिवारी वरचा थर कापायचा नाही. ह्यात भर, झाकणाला चिकटपट्टी लाव, आणि बोटीवर तुझ्या खोलीत ठेव, खाली सामानात टाकू नकोस. तीन महिने ब्रँडी पाजलीय, दोन-तीन वर्षं काही होत नाही त्याला."

ती म्हणाली, तो तर आईकडे ठेवतात.

"आईच देतेय," मी म्हटलं.

डबा छातीशी धरून ती उभी राहिली, मग पुढे येऊन तिने बाबांची बाही नीट झटकली, दोनदा, एक कण राहू दिला नाही. घड्याळामागचं पाकीट काढलं, टेबलाच्या कोपऱ्यावर, केकला धक्का न लावता, सही केली. सव्वासहाला टपालपेटी उघडायच्या आत जाऊन येते म्हणाली. कोटाची बटणं तिने लावली नव्हतीच. दाराचा आवाज झाला. खिडकीतून मला ती गल्लीच्या उतारावर दिसली, भरभर चाललेली, कोपऱ्याशी लाल पेटीपर्यंत. तिथे जरा थांबली, मग तिचा हात वर गेला.

मी स्वयंपाकघरातून आयसिंगचं वाडगं आणलं, तळाला उरलेलं, मऊ, वाळायचं नावच न घेणारं. विल्फच्या शेजारी पलंगावर बसले आणि चमच्याने त्याच्या चांगल्या बाजूला थोडं घातलं. गिळलं, नीट. आणखी घातलं. अंग ठणकत होतं, अंगठ्याचं खरचटलेलं साखरेने झोंबत होतं. समोर तीन थर सरळ उभे होते. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं, "मला ती इथे हवी होती रे."

चमचा त्याच्या ओठापाशी होता. त्याने तो डाव्या हाताने बाजूला सारला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, गालाची मेलेली बाजू ओढल्यासारखी झाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडातून तो एक सोडून दुसरं काही बाहेर आलं.

"मला पण," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बरं," आणि त्याच्या हनुवटीवरची साखर पुसली.